चपट्या चामखिळींवरील रेटिनॉइड उपचार

चपटी चामखीळ हा मानवी पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) काही ठरावीक प्रकारांमुळे होणारा त्वचेचा सौम्य संसर्ग आहे. तो मुख्यतः लहान मुले, किशोरवयीन व तरुण स्त्रियांमध्ये आढळतो आणि चेहरा, हातांची मागची बाजू व नडगी या उघड्या भागांवर उठतो. या चामखिळींवर वापरल्या जाणाऱ्या औषधांमध्ये 'अ' जीवनसत्त्वापासून निघालेल्या रेटिनॉइड गटातील मलमांना व जेलांना महत्त्वाचे स्थान आहे. ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, आयसोट्रेटिनॉइन व टाझारोटीन ही या गटातील बाहेरून लावण्याची प्रमुख औषधे होत. त्यांना मूळ मान्यता मुख्यतः मुरुमांसाठी मिळालेली आहे. चपट्या चामखिळींसाठीचा वापर हा त्या मान्यतेच्या चौकटीबाहेरचा, परंतु जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या व्यवहारात रुळलेला वापर आहे.

नाव

मराठीतील 'चामखीळ' हा शब्द चाम म्हणजे कातडी आणि खीळ म्हणजे खिळा यांपासून बनला असून संस्कृत 'चर्मकील' हे त्याचे जुने रूप आहे. सुश्रुतसंहितेत चर्मकीलाचे वर्णन निदानस्थानातील अर्श या विषयाच्या ओघात येते. चिकित्सास्थानात त्यावर शस्त्राने छेदन करून क्षार किंवा अग्नीने दहन करण्याचा उपाय सांगितला आहे. काही भागांत चामखिळीला 'मस' असेही म्हणतात.

बोलीभाषेत मात्र 'चामखीळ' हा शब्द फार सैल वापरला जातो. मानेवर किंवा काखेत लोंबणारे मऊ मांसल कोंब, उतारवयात गालांवर येणारे काळसर उंचवटे आणि विषाणूमुळे होणारी खरखरीत गाठ या तिन्हींना लोक चामखीळच म्हणतात. यांपैकी पहिल्या दोन प्रकारांचा या विषाणूशी संबंध नाही, ते एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाहीत आणि त्यांवर रेटिनॉइड लावून अपेक्षित परिणाम मिळत नाही. उलट खऱ्या चपट्या चामखिळीला लोक बहुधा चामखीळ म्हणतच नाहीत. ती इतकी बारीक व सपाट असते की तिला पुटकुळी, घामोळे किंवा वांग समजले जाते. उपचारातील पुष्कळशा चुका या नावाच्या गोंधळातून सुरू होतात.

स्वरूप

एक चपटी चामखीळ साधारणतः १ ते ५ मिलिमीटर रुंदीची असते. तिचा माथा सपाट व बराचसा गुळगुळीत असून ती त्वचेच्या पातळीपेक्षा किंचितच वर उठलेली असते. गोऱ्या त्वचेवर ती गुलाबी किंवा पिवळसर दिसते. भारतीयांच्या गव्हाळ वा सावळ्या त्वचेवर ती बहुधा तपकिरी असते आणि म्हणूनच ती डाग वाटते. समोरून पडणाऱ्या उजेडात ती चटकन दिसत नाही, परंतु खिडकीजवळ उभे राहून तिरप्या उजेडात पाहिल्यास प्रत्येक उंचवट्याची कड स्पष्ट होते. संख्या दोन-चारपासून शंभराहून अधिक असू शकते. वेदना नसते, खाजही क्वचितच असते.

या विकाराची एक ओळखखूण म्हणजे रेषेत उठलेल्या चामखिळी. नखाने ओरखडा पडला किंवा वस्तऱ्याचे पाते फिरले की विषाणू त्या वाटेने पेरला जातो आणि काही आठवड्यांनी माळेसारखी रांग दिसू लागते. दाढी करणाऱ्या पुरुषांच्या गालांवर व हनुवटीवर, तसेच पायांवरचे केस काढणाऱ्या स्त्रियांच्या नडगीवर अशा रांगा दिसतात. भुवयांचे थ्रेडिंग व वॅक्सिंग यांनीही असाच प्रसार होऊ शकतो.

विषाणू

चामखीळ संसर्गजन्य आहे आणि तिचा कारक घटक जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतून पार होतो, हे इटलीतील जुझेप्पे चुफो यांनी १९०७ मध्ये चामखिळीचा गाळलेला अर्क स्वतःच्या त्वचेत टोचून दाखवले. आज मानवी पॅपिलोमा विषाणूचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. चपट्या चामखिळींमध्ये मुख्यतः प्रकार ३ व १० आढळतात आणि काही वेळा २८ व ४१ हेही सापडतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी निगडित असलेले १६ व १८ हे प्रकार यांहून वेगळे आहेत. चेहऱ्यावर चपट्या चामखिळी असणे म्हणजे त्या कर्करोगाचा धोका असणे नव्हे. निदानाच्या कागदावर 'एचपीव्ही' ही अक्षरे वाचून अनेक तरुणी व त्यांचे पालक हादरतात, म्हणून हा फरक सांगणे आवश्यक ठरते.

विषाणू त्वचेच्या सूक्ष्म जखमेतून शिरून बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशींत वस्ती करतो. तळाशी तो जवळजवळ निद्रिस्त असतो. त्या पेशी परिपक्व होत वर सरकू लागल्या की त्यांच्यासोबत त्याची संख्या वाढते, आणि अगदी वरच्या थरात पूर्ण तयार झालेले विषाणू झडणाऱ्या कोंड्याबरोबर बाहेर पडतात. त्याचे अख्खे जीवनचक्र त्वचेच्या वरच्या पापुद्र्यातच पार पडते. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडून दाह माजवत नाही, आणि त्यामुळे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला त्याची चाहूल उशिरा लागते. संसर्गापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारणतः एक ते सहा महिने जातात.

प्रतिकारयंत्रणेला एकदा ओळख पटली की चित्र झपाट्याने पालटते. सगळ्या चामखिळी एकाएकी लाल होतात, खाजू लागतात, काहींभोवती फिकट कडे उमटते आणि काही आठवड्यांत त्या एकदम नाहीशा होतात. विकार बिघडला असे वाटून रुग्ण याच वेळी घाबरून दवाखान्यात येतो, प्रत्यक्षात ते बरे होण्याचे लक्षण असते. सर्वसाधारण चामखिळींविषयी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात दोन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या चामखिळी उपचारांविना गेल्याचे दिसले होते. प्रौढांमध्ये हा काळ अधिक लांबतो.

निदान

अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाला बहुधा नुसत्या पाहणीवरून निदान करता येते. डर्मोस्कोप या भिंगयुक्त उपकरणाखाली फिकट तपकिरी किंवा पिवळसर पार्श्वभूमीवर बारीक लाल ठिपके दिसतात. शंका राहिल्यास त्वचेचा छोटा तुकडा तपासला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली वरचा थर टोपलीच्या विणीसारखा दिसतो व त्याखालच्या पेशींत केंद्रकाभोवती रिकामी पोकळी आढळते. या पेशींना त्यांच्या रूपावरून पक्ष्याच्या डोळ्याची उपमा दिली जाते.

बंद तोंडाचे मुरूम, लायकेन प्लॅनस, सिरिंगोमा, मोलस्कम व गालांवरचे वयोपरत्वे येणारे काळे उंचवटे यांच्याशी गल्लत होऊ शकते. लहानपणापासून अंगभर चपट्या चामखिळींसारखे उठाव असून ते कधीच जात नसतील, तर एपिडर्मोडिस्प्लेशिया व्हेरुसिफॉर्मिस या दुर्मीळ आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. त्यात उन्हाला उघड्या असलेल्या त्वचेवर पुढे कर्करोग उद्भवू शकतो. प्रौढ व्यक्तीत अचानक खूप मोठ्या संख्येने चामखिळी उठल्यास एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे हे कारण आहे का, हे पाहिले जाते.

रेटिनॉइड औषधांचा इतिहास

'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने त्वचा जाड व खरखरीत होते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्षात आले होते. त्याची रासायनिक रचना पॉल कारर यांनी १९३१ मध्ये उलगडली व त्यांना १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जीवनसत्त्व त्वचेवर नुसते चोळून फारसे साधत नव्हते. त्याचे आम्लरूप म्हणजे ट्रेटिनॉइन मात्र प्रभावी ठरले. जर्मनीतील गुंटर श्टुटगेन यांनी १९६२ मध्ये त्वचा जाड होण्याच्या विकारांवर ते लावून पाहिले. अमेरिकेतील अल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मुरुमांवरील परिणाम प्रसिद्ध केला आणि १९७१ मध्ये तेथे या औषधाला मान्यता मिळाली. पेशीकेंद्रातील रेटिनॉइक आम्लाचे ग्राहक १९८७ मध्ये सापडले आणि औषध नेमके कोठे काम करते हे त्यानंतर कळले. त्वचेला कमी चुरचुरणारे ॲडापलीन १९९६ मध्ये, तर अधिक तीव्र टाझारोटीन १९९७ मध्ये अमेरिकी बाजारात मान्य झाले.

कार्यपद्धती

रेटिनॉइड हे विषाणूनाशक नाही. ते पेशीकेंद्रातील ग्राहकांशी जोडले जाते आणि त्वचेच्या पेशींच्या वाढीचा व पक्व होण्याचा क्रम बदलते. विषाणूची वाढ याच पक्वतेच्या पायऱ्यांवर अवलंबून असल्याने क्रम बिघडला की त्याचे जीवनचक्र अडखळते. वरचे मृत थर सैल होऊन लवकर झडतात व उंचवटा पातळ होतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये रेटिनॉइक आम्लामुळे विषाणूच्या काही जनुकांची अभिव्यक्ती घटल्याचे दिसले आहे, परंतु ती निरीक्षणे प्रामुख्याने प्रकार १६ वरची आहेत, चपट्या चामखिळींच्या प्रकारांवरची नव्हेत. औषधाने होणारी सौम्य लाली व दाह यांमुळे प्रतिकारयंत्रणा जागी होते, असाही एक तर्क मांडला जातो.

सामान्य जाड चामखिळींपेक्षा चपट्या चामखिळींवर ही औषधे अधिक उपयोगी का पडतात, याचे उत्तर त्यांच्या बांधणीत आहे. तळपायाच्या चामखिळीवर मृत कातडीचा जाड थर असतो व तो भेदून औषध खाली पोहोचणे अवघड जाते. चपट्या चामखिळीवर असा थर जवळजवळ नसतो. शिवाय ती चेहऱ्यावर असते, जिथे जाळणे, कापणे वा तीव्र आम्ल लावणे म्हणजे विषाणूच्या जागी कायमचा व्रण मागून घेणे होय.

परिणामकारकतेचा पुरावा

चपट्या चामखिळींवरील संशोधन तुटपुंजे आहे. चामखिळींच्या स्थानिक उपचारांचा कोक्रेन संस्थेचा २०१२ चा आढावा ८५ चाचण्यांवर आधारलेला होता. त्यात सर्वांत भक्कम पुरावा सॅलिसिलिक आम्लाच्या बाजूने निघाला, परंतु त्या चाचण्या बहुतांशी हातापायांच्या सामान्य चामखिळींवरील होत्या. चेहऱ्यावर तीव्र सॅलिसिलिक आम्ल सुचवले जात नाही.

ट्रेटिनॉइनविषयी वारंवार उद्धृत होणारी चाचणी अरब मुलांवरची असून ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन मलम लावणाऱ्या गटात सुमारे ८५ टक्के मुले बरी झाली, तर औषध न दिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. यातील दुसरा आकडा पहिल्याइतकाच बोलका आहे. काहीही न करता तिघांपैकी एक बरा होत असेल, तर त्या काळात केलेला कोणताही उपाय, मग तो मंत्रलेला दोरा असो वा महागडे मलम, तिघांपैकी एकाला गुणकारी वाटणारच.

पंजाबमधील एका खुल्या चाचणीत तोंडावाटे घेण्याचे आयसोट्रेटिनॉइन व त्याचेच जेल यांची चपट्या चामखिळींवर तुलना झाली. त्यात गोळ्यांचा परिणाम सरस ठरला, मात्र दुष्परिणामही त्यांचेच अधिक होते. मेक्सिकोत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीतही इतर उपचारांना न जुमानणाऱ्या चेहऱ्यावरील चपट्या चामखिळी या गोळ्यांनी गेल्या. तळपायाच्या चामखिळींवर ॲडापलीन जेल झाकून लावणे व गोठवण्याचा उपचार यांची तुलना करणारा भारतीय अभ्यास २०१५ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजी'त आला आणि त्यात जेल कमी पडले नाही. या सर्व चाचण्या लहान आहेत, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा त्यांपैकी फारच थोड्यांत दिसतो.

वापराची पद्धत

चेहऱ्यासाठी सुरुवात सहसा ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन मलमाने किंवा ०.१ टक्के ॲडापलीन जेलने केली जाते. त्वचेला सवय झाल्यावर गरजेनुसार ०.०५ टक्के ट्रेटिनॉइनकडे वळतात. टाझारोटीन हे अधिक दाहक असल्याने ते हात व पाय यांसाठी राखून ठेवण्याकडे कल असतो.

औषध रात्री लावतात. जुन्या घडणीतील ट्रेटिनॉइन उजेडात विघटित होते, हे त्याचे एक कारण. ॲडापलीन त्या बाबतीत स्थिर आहे. चेहरा सौम्य साबणाने धुऊन तो पूर्ण कोरडा होईपर्यंत वीस-तीस मिनिटे थांबतात, कारण ओलसर त्वचेवर औषध अधिक झोंबते. वाटाण्याएवढे मलम संपूर्ण बाधित भागाला पुरते. प्रत्येक ठिपका मोजून लावण्याऐवजी सर्व भागावर पातळ थर देण्याची प्रथा आहे, कारण दोन चामखिळींमधल्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही विषाणू असू शकतो. ज्यांची त्वचा फार नाजूक आहे त्यांना मात्र केवळ चामखिळींवरच औषध लावायला सांगितले जाते. डोळ्यांच्या पापण्या, नाकपुड्यांच्या कडा व ओठांचे कोपरे टाळतात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड औषध लावणे व त्यावर मॉइश्चरायझर वापरणे यांमुळे बहुतेकांना ते सोसते.

फरक दिसायला सहसा आठ ते बारा आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात त्वचा लाल होते, सोलवटते आणि चामखिळी तशाच राहतात. नेमके याच टप्प्यावर बहुसंख्य रुग्ण औषध सोडतात. बारा आठवड्यांच्या नियमित वापरानंतरही काहीच बदल नसेल तर निदान पुन्हा तपासणे किंवा उपचार बदलणे उचित ठरते.

उपचार चालू असताना त्या भागावर वॅक्सिंग केल्यास त्वचा सोलून निघू शकते. थ्रेडिंग, ब्लीच व खरखरीत स्क्रब हेही थांबवतात. पुरुषांनी दाढी काही काळ वाढू द्यावी किंवा पात्याऐवजी ट्रिमर वापरावा, असे सुचवले जाते. सलूनमध्ये जात असल्यास दर गिऱ्हाइकाला नवे पाते वापरले जाते की नाही हे पाहणे केवळ चामखिळींसाठी नव्हे, तर रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांसाठीही आवश्यक आहे.

दुष्परिणाम व निषेध

जळजळ, कोरडेपणा, लाली व पापुद्रे निघणे हे नेहमीचे परिणाम असून औषधाचे प्रमाण घटवल्यास ते ओसरतात. भारतीय त्वचेत खरी काळजी वेगळी असते. दाह बराच काळ राहिल्यास त्या जागी काळे डाग पडतात आणि ते मूळ चामखिळीपेक्षा जास्त दिवस टिकतात. म्हणून सावळ्या त्वचेवर तीव्र मात्रेने झटपट निकाल मिळवण्यापेक्षा सौम्य मात्रा अधिक काळ वापरणे श्रेयस्कर मानले जाते.

गरोदरपणात ही मलमे टाळली जातात, आणि टाझारोटीन तर निषिद्धच आहे. तोंडावाटे घेण्याच्या आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते गर्भचाचणी व खात्रीशीर गर्भनिरोधनाशिवाय देत नाहीत, आणि औषध थांबवल्यानंतरही किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. चेहऱ्यावरच्या चार ठिपक्यांसाठी एवढी जोखीम क्वचितच समर्थनीय ठरते, म्हणून गोळ्या हट्टी व पसरलेल्या विकारासाठीच राखल्या जातात.

स्टेरॉइडमिश्रित मलमांचा गैरवापर

भारतात चपट्या चामखिळी पसरण्यामागे एक टाळता येण्याजोगे कारण आहे, ते म्हणजे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेले स्टेरॉइडयुक्त मलम. चेहऱ्यावर बारीक पुरळ दिसले की ते मुरूम, वांग किंवा ॲलर्जी समजून असे मलम लावले जाते. स्टेरॉइडमुळे सुरुवातीला त्वचा उजळ व नितळ वाटते. त्याच वेळी त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला मोकळे रान मिळते. कपाळावरच्या पाच-सहा चामखिळी काही महिन्यांत दोन्ही गालांवर पसरतात. मलम थांबवले की चेहरा लाल होऊन पेटतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते व हे चक्र चालू राहते.

यात एक विशेष फसगत आहे. गोरेपणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या तिहेरी मिश्रणाच्या मलमात हायड्रोक्विनोन व स्टेरॉइड यांच्यासोबत ट्रेटिनॉइनही असते. असे मलम वापरलेला रुग्ण आपण ट्रेटिनॉइन लावून पाहिले, गुण आला नाही, असे सांगतो. नळीवर ते नाव असतेही. परंतु मिश्रणातले स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबत असल्याने हे मलम चामखिळींवरचा उपचार होऊ शकत नाही, आणि त्याच्या अपयशावरून निव्वळ ट्रेटिनॉइनविषयी निष्कर्ष काढता येत नाही. उपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाला घरातल्या सर्व नळ्या घेऊन बोलावणे ही म्हणूनच उपयुक्त सवय आहे.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध कृतिदल स्थापून मोहीम चालवली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांचा समावेश चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई असलेल्या अनुसूची 'एच'मध्ये केला.

नाशिक परिसरातील वापर

महाराष्ट्रातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी व परिचर्या महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत, त्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्ये म्हसरूळ येथे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग हे तीन विषय एकाच पदवीत येतात. आडगाव येथील डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय हे शहरालगतचे संलग्न महाविद्यालय आहे.

रेटिनॉइड उपचारांची पुस्तकी वेळापत्रके या जिल्ह्याच्या हवामानात थोडी वाकवावी लागतात. हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि निफाड भागात तर पारा काही वेळा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा दिवसांत आधीच फुटलेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइन फार झोंबते. आठवड्यातून दोन-तीन रात्रीच औषध लावणे व मॉइश्चरायझर आधी लावून त्यावर औषध देणे हे पर्याय तेव्हा उपयोगी पडतात. उन्हाळ्यातला प्रश्न वेगळा आहे. रेटिनॉइडमुळे त्वचेचा वरचा थर पातळ होऊन ऊन लवकर लागते आणि द्राक्षबागांमधली एप्रिलची खरड छाटणी भर उन्हात होते. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतची कामेही उघड्यावरचीच. दिवसभर मांडवाखाली वा बांधावर काम करणाऱ्या मजूर स्त्रीला दर तीन तासांनी सनस्क्रीन लावण्याचा सल्ला देणे म्हणजे सल्ला न देण्यासारखेच आहे. तिच्यासाठी चेहरा झाकणारा सुती स्कार्फ किंवा पदर, रुंद काठाची टोपी आणि त्रास होताच औषध दोन रात्री थांबवण्याची मुभा, हे व्यवहार्य ठरते. स्कार्फ मात्र रोज धुतलेला व स्वतःचाच असावा.

इतर उपचार

मुलांमध्ये व थोड्या चामखिळी असताना काहीही न करता वाट पाहणे हा मान्य पर्याय आहे. इमिक्विमॉड मलम स्थानिक प्रतिकारशक्ती चेतवते. ५-फ्लुरोयुरॅसिल पेशींची वाढ रोखते, पण त्वचेवर डाग व व्रण करू शकते. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा उपचार प्रभावी असला तरी सावळ्या चेहऱ्यावर पांढरट डाग पडण्याचा धोका असतो. विद्युतदहनही याच कारणाने जपून, अगदी कमी प्रवाहावर केले जाते. भारतात चामखिळीत गोवर-गालगुंड-रुबेला लस किंवा 'ड' जीवनसत्त्व टोचून प्रतिकारयंत्रणा जागवण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. तिचा फायदा असा की एका चामखिळीत टोचल्यावर दूरच्या चामखिळीही जाऊ शकतात.

घरगुती उपायांमध्ये घोड्याचा केस बांधणे, चुना व धुण्याचा सोडा लावणे, रुईचा किंवा शेराचा चीक आणि बिब्बा यांचा समावेश होतो. केस बांधण्याचा उपाय देठ असलेल्या कोंबालाच लागू पडतो. सपाट चामखिळीला बांधायला जागाच नसते. चुना-सोड्याने त्वचा जळते, चिकाने डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते आणि बिब्बा उतल्यास चेहरा सुजून फोड येतात व दीर्घकाळ काळे डाग राहतात. होमिओपॅथीतील थुजा लोकप्रिय असले तरी त्याच्या परिणामाचा भक्कम पुरावा उपलब्ध नाही.

लसीशी संबंध

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या सर्व्हावॅक या एचपीव्ही लसीला भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ही लस प्रकार ६, ११, १६ व १८ यांच्याविरुद्ध आहे. तिचा उद्देश गर्भाशयमुखाचा कर्करोग व जननेंद्रियावरील चामखिळी रोखणे हा असून प्रकार ३ व १० तिच्यात समाविष्ट नाहीत. त्यामुळे लस घेतलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर चपट्या चामखिळी आल्या तर लस निष्फळ ठरली असे होत नाही, आणि चेहऱ्यावर चामखिळी आहेत म्हणून लस टाळण्याचेही कारण नाही.